तुमचं पत्र आलं: संडे स्कूल पुन्हा कसं भरेल?

जय ख्रिस्त. मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की मी 31 वर्षं संडे स्कूलला, म्हणजे चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या मुलांच्या बायबलच्या वर्गाला, शिकवतेय, आणि मग महिनाभर पत्रं, मेसेज, फोन सगळं याच विषयावर. म्हणून घरचे, लग्नाचे, नोकरीचे नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात नक्की घेते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, आमची मंडळी, म्हणजे चर्च, भायखळ्याची, खूप जुनी. मी लहान असताना संडे स्कूलला सत्तरेक मुलं असायची, आता पटावर 22 आणि येतात नऊ-दहा. नव्या कमिटीने मला सुपरिटेंडंट केलंय आणि तीन वर्षांचा प्लॅन लिहून मागितलाय. प्रोजेक्टर, पपेट शो, नवी पुस्तकं, स्पर्धा असं बरंच काही लोक सुचवतात, आणि थोडं बजेटही मिळेल. सुरुवात कशाने करू? (एक भगिनी, भायखळा)

उत्तर: आधी तुमचं अभिनंदन, कमिटी स्वतःहून मुलांसाठी पैसे काढतेय ही खूप मोठी गोष्ट आहे. पण प्लॅन लिहायला लगेच बसू नका. कपाट उघडा आणि जुने हजेरीपट बाहेर काढा, मागच्या पाच-सहा वर्षांचे मिळाले तर उत्तमच. मग एका वहीत प्रत्येक त्या मुलाचं नाव लिहा जे कधीतरी येत होतं आणि आता येत नाही, आणि नावासमोर एवढंच, की ते आता कुठे असतं. बऱ्याच नावांसमोर तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही. तुमचा प्लॅन तिथून सुरू होतो.

हे इतकं ठासून का सांगतेय ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी जिथे शिकवायचे तिथे पद्धत होती की सलग चार रविवार मूल आलं नाही की त्याचं नाव लाल पेनाने खोडायचं, कारण वर्षाच्या शेवटी हजेरीची बक्षिसं असायची आणि पट नीटनेटका दिसायला हवा असायचा. खोडायचं काम माझ्याकडे होतं. एका रविवारी उपासना संपल्यावर पट मांडीवर घेऊन बसले तर एका मुलाच्या नावापुढे ओळीने सात 'गै', आणि त्याच्या मागे वर्षभर एकही नाही. म्हणजे वर्षभर एक रविवार न चुकवणारं पोरगं सात आठवडे दिसत नाही आणि आम्ही पाच टीचर, मी धरून, कुणी त्याच्या घरी गेलेलो नाही. त्याच संध्याकाळी गेले. डिलाईल रोडची चाळ, तिसरा मजला, दार त्यानेच उघडलं, कडेवर धाकटी बहीण आणि दुसरा हात कणकेने माखलेला. वडील अंथरुणाला खिळलेले, आईला एका हॉस्पिटलात आयाचं काम लागलेलं आणि ड्युटी नेमकी रविवारची. अकरा वर्षांचा होता तो. मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि पहिलं वाक्य काय तर "टीचर, माझं नाव काढलं का?" माझ्या पर्समध्ये तो लाल पेन होता.

त्या दिवसानंतर मी एकही नाव खोडलेलं नाही. त्याच्यासाठी पुढे आम्ही काय केलं तर महिला मंडळातल्या चौघीजणींनी वार लावून घेतले, रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा एकजण त्याच्या घरी वडिलांजवळ आणि बहिणीजवळ बसायची आणि तो संडे स्कूलला यायचा. याला एक रुपया खर्च आला नाही, प्रोजेक्टर लागला नाही, फक्त कुणीतरी जाऊन बघायला हवं होतं.

बायबलातल्या नहेम्याची गोष्ट आपण मुलांना शिकवतो ना, यरुशलेमची पडलेली भिंत 52 दिवसांत बांधून झाली वगैरे, पण त्याच्या आधीचा भाग आपण घाईत उरकतो. तो यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस काही बोललाच नाही, मग रात्री उठून मोजकी माणसं घेऊन पडक्या भिंतीच्या कडेने फिरला, कुठे काय ढासळलंय ते डोळ्यांनी बघितलं आणि त्यानंतरच लोकांना म्हणाला की चला बांधू या. आणि बांधताना पण बरेचजण आपापल्या घरासमोरचा भाग बांधत होते. तुमच्या कमिटीला हेच वाचून दाखवा आणि सांगा की मला पहिले तीन महिने फक्त फिरायला द्या, प्लॅन चौथ्या महिन्यात देते. हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही, अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये 1920 च्या सुमाराला आर्थर फ्लेक नावाचे एक गृहस्थ होते, मूळचे व्यापारातले, त्यांनी संडे स्कूल वाढवायच्या पाच पायऱ्या सांगितल्या त्या आजही तिकडे शिकवतात. पहिली पायरी म्हणजे आपल्या आसपास कोणकोण आहे ते आधी शोधा, मग वर्ग वाढवा, मग जागा करा, मग शिक्षक मिळवून तयार करा आणि मग लोकांकडे जा. मला त्यातलं एकच पटत नाही, लोकांकडे जाणं त्यांनी शेवटी ठेवलंय, मुंबईत ते पहिल्याच पायरीत करावं लागतं कारण इथे घरी गेल्याशिवाय कोण कुठे आहे ते कळतच नाही.

आता घरी जायचं कसं. रविवारी दुपारी जाऊ नका, मेगाब्लॉक असतो आणि लोक झोपलेले असतात, शनिवारी संध्याकाळी जा. दोघीजणी मिळून जा, आधी फोन करून जा, पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसू नका. "मूल येत का नाही" हा प्रश्न तोंडातून काढायचाच नाही, तो विचारला की आईबाप एकदम आरोपीसारखे होतात आणि मग खरं कारण कधीच बाहेर येत नाही. मुलाशी बोला, कितवीत गेला, वाढदिवस कधी, मित्र कोण, आणि निघताना त्याला विचारूनच प्रार्थना करा. खरं कारण बहुतेक वेळा चपला घालताना दाराशी कळतं. कुणाचा क्लास असतो, कुणाला वर्गात कुणीतरी चिडवलेलं असतं, कुणाच्या वडिलांचं मागच्या निवडणुकीत कमिटीशी वाजलेलं असतं आणि त्यात मूल घरी बसलेलं असतं. यातलं एकही कारण पपेट शोने सुटणारं नाही.

आणि बरीचशी मुलं तुम्हाला भायखळ्यात सापडणारच नाहीत. आपली माणसं नागपाडा, माझगाव, परळ सोडून कधीच बदलापूर, अंबरनाथ, नालासोपारा, पनवेलला गेली, जुन्या चाळी पडल्या, भाडी परवडेनात. सणाला आणि प्रभूभोजनाच्या रविवारी ते दीड तास लोकल करून जुन्या चर्चला येतात कारण आजीआजोबांचं लग्न तिथे झालंय, पण दर रविवारी साडेआठला चार वर्षांचं मूल घेऊन बदलापूरहून कोण येईल? त्यांना हरवलेले म्हणू नका. एकाच भागात तीन-चार कुटुंबं निघाली तर महिन्यातून दोन शनिवार संध्याकाळी कुणाच्या तरी घरी वर्ग भरवा, तुमचाच एक टीचर जाईल, धडा तोच. आणि जिथे जवळ चांगली मंडळी आहे तिथल्या पाळकांना (पास्टरना) तुमच्या पाळकसाहेबांकडून चिठ्ठी द्या की ही आमची मुलं, यांना सांभाळा. तुमच्या पटावरचा आकडा याने वाढणार नाही हे मला माहीत आहे आणि कमिटीत कुणीतरी ते बोलून दाखवेलच, तरी करा.

टीचरांचं बघा मग. नऊ मुलांना दोन टीचर पुरतात पण तुम्हाला जर तीस मुलं हवी असतील तर आधी चार टीचर हवेत, मुलं आल्यावर शोधू असं केलं की नवीन मुलं गोंधळात येतात आणि दोन रविवारात परत जातात. माझा अनुभव असा की एका टीचरकडे आठ-दहापेक्षा जास्त मुलं झाली की ती नावं विसरायला लागते. टीचर शोधताना फक्त बोलक्या लोकांकडे बघू नका. आमच्याकडची सगळ्यात चांगली टीचर एक रिटायर्ड नर्स होती, चार वाक्यं धड बोलायची नाही, पण कुठलं मूल आज न जेवता आलंय हे तिला दारातच कळायचं. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या टीचरनी अर्धा तास एकत्र बसायचंच, प्रत्यक्ष नाही जमलं तर शुक्रवारी रात्री नऊला फोनवर, त्यात धडा दहा मिनिटं आणि मुलांबद्दल वीस मिनिटं. हा अर्धा तास जिथे बंद पडला तिथे संडे स्कूल दोन-तीन वर्षांत बंद पडताना मी बघितलंय.

वर्षाचं वेळापत्रक मात्र नक्की लिहा. जूनमध्ये शाळांबरोबर सुरुवात, जुलैत पाऊस, त्यामुळे हजेरी पडणार हे धरूनच चाला आणि तेव्हा मोठे उपक्रम ठेवू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शब्बाथ शाळा दिन, म्हणजे संडे स्कूलचाच दिवस, त्या दिवशी उपासना मुलांच्या हातात द्या, वाचन, प्रार्थना, दानार्पणाच्या थैल्या फिरवणं, सगळं. नाताळच्या नाटकाची तालीम ऑक्टोबरपासून सुरू करून तीन महिने धडे बुडवायची जी पद्धत पडलीय ती कृपा करून मोडा, सहा रविवार शेवटची वीस मिनिटं तालमीला पुरतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, मग झावळ्यांचा रविवार आणि ईस्टर, आणि मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. व्हीबीएसला शंभर मुलं येतात आणि जूनमध्ये परत दहाच असतात ही सगळीकडची रड आहे, त्यावर एकच उपाय मला लागू पडलाय, व्हीबीएसच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाचं नाव-पत्ता-फोन पालकांकडून घ्यायचा आणि जूनच्या पहिल्या रविवारच्या आत प्रत्येक घरी एकदा जाऊन यायचं.

बजेटमधून टीचरांचं लोकलचं भाडं काढा, मुलांना खाऊ म्हणजे केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या, आणि ज्याच्याकडे नाही त्याला स्वतःचं बायबल घेऊन द्या, पहिल्या पानावर त्याचं नाव सुंदर अक्षरात लिहून. प्रोजेक्टर तिसऱ्या वर्षी घ्या.

प्रश्न: आम्ही पवईला राहतो, दोन्ही मुली इंग्लिश मीडियमला. आमच्या मंडळीत संडे स्कूल मराठीत भरतं. मुलींना देवनागरी वाचता येत नाही, वर्गात वचन वाचायची पाळी आली की रडकुंडीला येतात, आता येतच नाही म्हणतात. इंग्लिश चर्चला नेऊ का? की आमच्या टीचरना इंग्लिशमध्ये शिकवायला सांगू? (एक आई, पवई)

उत्तर: मुलींना वर्गात मोठ्याने वाचायला लावणं पहिलं बंद करायला सांगा, आजच टीचरना फोन करा. वाचता न येणं हा त्यांचा दोष नाही आणि सगळ्यांसमोर अडखळायची भीती मुलांच्या मनातून लवकर जात नाही.

पण मराठी सोडू नका असंच मी सांगेन, आणि त्याचं कारण अभिमान वगैरे नाही. तुमची आई, तुमच्या सासूबाई प्रार्थना कुठल्या भाषेत करतात? घरात कुणी गेलं, कुणी आजारी पडलं की जे शब्द तोंडातून निघतात ते मुलींना परके वाटले तर मोठ्या झाल्यावर त्या उपासनेत पाहुण्यासारख्या बसतील. भाषा कानातून आधी येते, डोळ्यांतून नंतर. कवी ना. वा. टिळकांची पदं म्हणा त्यांच्याबरोबर. त्यांचा बाप्तिस्मा आपल्या मुंबईतच झाला, 10 फेब्रुवारी 1895 ला, आणि त्यानंतर त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची जी भजनं लिहिली ती अक्षर न येणाऱ्या बायकांनी सुद्धा नुसती ऐकून पाठ केली, मग तुमच्या मुलींना का नाही येणार? रिक्षात, स्वयंपाक करताना, झोपताना एकच पद महिनाभर म्हणा.

टीचरना मात्र एक सांगायला हवं, आणि हे मी सगळ्याच टीचरना म्हणतेय. मुलांशी आपण जे मराठी बोलतो ते कुणाचंच बोलायचं मराठी नसतं. "परमेश्वराने त्यांस आज्ञा केली" असं आठ वर्षांच्या मुलीला सांगून काय कळणार? पंडिता रमाबाईंनी 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला गेल्यावर आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, कशासाठी, तर कमी शिकलेल्या साध्या बाईला ते कळावं म्हणून. एवढं त्यांनी केलं तर आपण गोष्ट तरी घरी बोलतो तशा मराठीत सांगू शकतो. मध्ये इंग्लिश शब्द आला तर येऊ दे, "शेफर्ड म्हणजे मेंढपाळ" असं एकदा सांगितलं की पुढच्या वेळी मेंढपाळ पुरतो. सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलचं वचन, फळ्यावर देवनागरीत लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. आमच्याकडे दहा मिनिटं आधी येणाऱ्या मुलांना आम्ही अक्षरं शिकवायचो, स्वतःच्या नावापासून, आणि वर्षभरात चार-पाच मुलं एक ओळ वाचायला लागली.

इंग्लिश चर्चला नेलंत तर काही पाप नाही. पण आधी हे सहा महिने करून बघा.

प्रश्न: ताई, मी 22 वर्षांचा आहे, कॉयरमध्ये गातो. तीन महिन्यांपूर्वी अचानक सांगितलं की उद्यापासून तू संडे स्कूल घे. कुणी काही शिकवलं नाही, हातात एक जुनं पुस्तक दिलं. एकाच खोलीत चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत सगळी मुलं. मी गोष्ट सांगतो, लहान मुलं पळतात, मोठी मोबाईल बघतात. मला वाटतं मी यासाठी नाही, सोडून देऊ का? (एक तरुण, विक्रोळी)

उत्तर: अरे, तुला असं एकदम पाण्यात ढकललं ही मोठ्यांची चूक आहे, तुझी नाही. तीन महिने टिकलास हेच मला खूप वाटतं. सोडू नकोस, पण असंच चालू पण ठेवू नकोस.

पाळकसाहेबांना भेट आणि एकच माग, अजून एक मोठं माणूस. चार वर्षं आणि चौदा वर्षं एका गोष्टीत बसत नाहीत, कुणालाच जमत नाही ते. खोली एकच असली तरी चालेल, सुरुवातीची गाणी-प्रार्थना एकत्र, मग लहान एका कोपऱ्यात चटईवर आणि मोठे दुसरीकडे किंवा बाहेर पायऱ्यांवर. बारा-चौदाच्या मुलांपैकी दोघांना दर रविवारी लहानांकडे मदतीला लाव, पाळीपाळीने, म्हणजे मोबाईल आपोआप खिशात जातो.

आणि गोष्ट नुसती सांगू नकोस, काहीतरी हातात दे. तुला एक प्रसंग सांगते. जक्कयाचा धडा होता, येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाचा, आपल्या मराठी बायबलात तो उंबराच्या झाडावर चढला असं आहे, मी विचारलं उंबर कुणी बघितलंय तर एक हात वर नाही, आणि आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत उंबराचं मोठं झाड, मुलं रोज त्याच्याखालून येतात. धडा थांबवला आणि सगळ्यांना घेऊन तिथे गेले. खोडालाच लगडलेली फळं बघून ती चक्रावलीच. एक पडलेलं फळ मी नखाने उकललं तर आतून बारीक किडे बाहेर आले, मुली ओरडल्या, मग परत सगळ्या वाकून बघायला लागल्या. मी सांगितलं की येशूच्या देशातलं ते झाड याचंच भावंड, फांद्या खाली आणि जाड, म्हणून बुटक्या माणसाला चढता आलं. मग एका मुलाने, जो कधी बोलायचा नाही, त्याने विचारलं की टीचर, त्याला कुणी पुढे जाऊ का देत नव्हतं? आणि मग आम्ही तिथेच उभ्या उभ्या अर्धा तास त्यावरच बोललो, कुणाला कुणी पुढे येऊ देत नाही, खेळताना, शाळेत, बिल्डिंगमध्ये. ती मुलं आता तिशीत आहेत, त्यातली एक मला अजून सांगते की उंबर दिसलं की जक्कय आठवतो.

तर या शनिवारी एवढंच कर, धडा चार वेळा वाच आणि त्यातली एक वस्तू शोध जी विक्रोळीत मिळते. जवाच्या पाच भाकऱ्या असतील तर भाकरी ने आणि सगळ्यांना मोडून दे. गोष्ट लहानांसाठी सात-आठ मिनिटांच्या वर नको. आणि तू गातोस ना? मग पेटी किंवा गिटार घेऊन जा आणि वर्ग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधीच वाजवायला लाग, मुलं दारातून आत येतानाच गप्प होतात. मुलांची नावं पाठ कर, सगळी, याच आठवड्यात. दोन महिन्यांनी मला परत लिही, मी वाट बघते.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते, त्यामुळे संडे स्कूल पूर्ण बंद झालं. पाळकसाहेब म्हणतात तुम्ही देवापेक्षा क्लासला मोठं मानता. वाईट वाटतं. काय करावं? (एक वडील, दादर)

उत्तर: संडे स्कूल सुरू कसं झालं माहितीय का? इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर नावाच्या गावात रॉबर्ट रेक्स हे वर्तमानपत्र चालवणारे गृहस्थ होते, त्यांनी 1780 साली ते काढलं, कारण मुलं आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात राबायची आणि रविवारी रस्त्यावर भटकायची, तोच एक दिवस मोकळा म्हणून त्या दिवशी वाचायला शिकवायचं. म्हणजे मुलांचा मोकळा वेळ बघून शाळेची वेळ ठरली होती. आज आपल्या मुलांना रविवारही मोकळा नाही, मग मंडळीने दुसरी वेळ शोधायला नको का? नववी-दहावीच्या मुलांचा वर्ग रविवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सातला ठेवा, चार पालकांनी मिळून पाळकसाहेबांकडे जा, भांडायला नाही, वेळ सुचवायला. क्लासवाल्यांनाही विचारून बघा, आमच्याकडच्या पाच पालकांनी एकत्र जाऊन विचारलं तर टेस्ट दुपारी झाली होती. आणि बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायच्या ज्या वेळा सांगितल्यात त्या घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना अशा आहेत, त्या चारही तुमच्या हातातल्या आहेत. त्याच्याबरोबर क्लासपर्यंत चालत जा.

प्रश्न: आमच्या कमिटीत मी सुचवलं की संडे स्कूलसाठी मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम करू. सगळे म्हणाले, आपलीच माणसं आहेत, अविश्वास दाखवल्यासारखं होईल. तुमचं मत? (एक कमिटी मेंबर, मुलुंड)

उत्तर: तुम्ही बरोबर आहात आणि मागे हटू नका. मुलाला त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, म्हणून तर आपल्याच माणसांत नियम लागतात. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलाला एकट्याला घेऊन कुणी कुठे जायचं नाही, टीचरने मुलांशी रात्रीबेरात्री खासगी चॅट करायचं नाही, लहान मूल ठरलेल्या माणसाच्याच हातात परत द्यायचं, पालकांना विचारल्याशिवाय फोटो टाकायचे नाहीत. नवीन टीचरला मंडळीत निदान सहा महिने बघितल्याशिवाय वर्ग द्यायचा नाही. हे सगळ्यांना सारखं लागू, पाळकसाहेबांना आणि मला सुद्धा, मग अविश्वासाचा प्रश्न कुठे येतो?

कमिटीला कायदाही सांगा. 2012 चा पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, 18 वर्षांखालच्या सगळ्या मुलांना लागू आहे, आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मंडळीची बदनामी होईल, आपापसात मिटवू, असं म्हणणारा माणूस कितीही वयाने मोठा आणि मानाचा असला तरी त्याचं ऐकायचं नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट आहे, रात्री-दिवसा कधीही लागतो, तो वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, मोठ्यांच्या उंचीला नाही.

प्रश्न: ताई मी तिसरीत आहे. माझा बेस्ट फ्रेंड आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, ते गणपती बसवतात. त्याला पण माझ्याबरोबर संडे स्कूलला यायचंय कारण आमच्याकडे गोष्टी सांगतात आणि चित्रं रंगवतात. त्याला आणू का? (पत्र आईने लिहून पाठवलंय, लालबाग)

उत्तर: अरे वा, तू विचारून खूप छान केलंस. आधी त्याच्या आईला विचारायचं, तू एकट्याने नाही, तुझी आई आणि तू दोघांनी त्यांच्या घरी जाऊन. तिथे काय काय करतो ते सगळं खरं सांगायचं, गोष्टी, गाणी, प्रार्थना, चित्रं. त्याची आई हो म्हणाली तर आण. नाही म्हणाली तर रागवायचं नाही, त्यांच्या घरचं ते ठरवणार, तुम्ही दोघं संध्याकाळी क्रिकेट खेळताच ना. तू त्यांच्या गणपतीला मोदक खायला जातोस तसाच तो आपल्याकडे येईल, त्याला कुणी काही करायची जबरदस्ती करायची नाही, प्रार्थनेच्या वेळी तो नुसता शांत बसला तरी चालेल. आणि शनिवारीच तुझ्या टीचरला सांगून ठेव की दोघं येणार आहोत, म्हणजे त्या रंगवायचं चित्र आणि खाऊ त्याच्यासाठी पण बाजूला काढून ठेवतील, आणि त्याचं नाव काय ते पण सांग.